गुणाजी मिस्त्रीचं अर्धं सूत

घाटाखाली आंबेखिंड नावाचं गाव होतं आणि त्या गावाला सुतार एकच, गुणाजी पांचाळ. हाताचा चांगला, बोलायला गोड. आळशी म्हणाल तर मुळीच नाही, कामाला नुसता वाघ. खोट एवढीच, की जे काम गिऱ्हाइकाला दिसतं तेवढंच त्याला काम वाटायचं.

त्याच्या पडवीत टेबलावर बसवलेलं एक रंध्याचं मशीन होतं. एका तोंडातून खडबडीत फळी आत सारायची, आतले रूळ तिला ओढून घ्यायचे, वर गरगर फिरणारी पाती तिला तासायची आणि दुसऱ्या तोंडातून ती गुळगुळीत, सगळीकडे सारख्या जाडीची होऊन बाहेर यायची. जाडी किती हवी ते वरच्या चाकानं ठरवायचं. बाजूच्या पट्टीवरचा काटा ती दाखवायचा. सुतार लोक जाडी सुतात मोजतात. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. पाऊण इंची फळी म्हणजे सहा सुतांची फळी. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हे मशीन गुणाजीला त्याच्या वस्तादाकडून मिळालं होतं. कोंडाजी वस्ताद मोठा तऱ्हेवाईक माणूस. सुतारांच्यात अमावस्येला काम बंद असतं, ते तोही पाळायचा. पण त्या दिवशी तो झोपायचा नाही. मशीनची वायर उपटायचा, झाकण उघडायचा, रुळांवर चिकटलेली राळ रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा, पात्यांची धार नखावर बघायचा, फळी सरकते त्या पत्र्यावर मेण घासायचा. दुसऱ्या दिवशी पहिली फळी गिऱ्हाइकाची नाही, मोजायची. चार ठिकाणी मोजून ती काट्याशी जुळली की मगच कामाला हात. "अमावस्येला हत्यार चालवायचं नाही," तो म्हणायचा, "हत्यार बघायचं."

वस्ताद गेला. गुणाजीनं अमावस्या चालू ठेवली, अगदी काटेकोर. आंघोळ करून मशीनला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि पुरणपोळी हाणून ताणून द्यायची. झाकण काही उघडायचं नाही. दर अमावस्येला कुंकवाचं बोट नेमकं त्या पट्टीवर टेकायचं. त्यावर तेल ओघळायचं, तेलावर भुसा बसायचा. वर्षभरात काटा कुंकवाच्या थराखाली कुठं गेला ते गुणाजीलाही सांगता येईना. तो आपला सवयीनं चाक नेहमीच्या जागेवर आणून सोडायचा. आता मशीनला नमस्कार करू नये असं कोण म्हणतं? करावा की! पण नमस्कारानं पात्याला धार येत असती तर गावोगावी विळे पाजवणारे उपाशी मेले असते.

एकदा पाडलेल्या घराच्या जुन्या वाशांचं लाकूड आलं. त्यात खिळा राहिलाय का हे न बघताच गुणाजीनं ते आत सारलं. खट्कन आवाज झाला. पात्याच्या धारेला खाच पडली. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक फळीवर, मधोमधपासून तीन बोटं डावीकडे, एक उंच बारीक रेघ उठायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुढचा आधार सैल झाला, तशी फळी बाहेर पडताना तिच्या टोकाला अंगठा दाबल्यासारखा खळगा पडू लागला. आणि एक दिवस सहज मोजलं तर फळी सहा सुतांची नव्हतीच. साडेपाच होती.

"अर्ध्या सुतानं काय कुणाचं घर पडतंय का!" गुणाजी स्वतःशीच म्हणाला आणि फळी खांद्यावर टाकून निघाला.

ती फळी दत्तू वाण्याच्या दुकानातल्या फडताळाची होती. दत्तूनं विचारलं, "मिस्त्री, पुरी सहा सुतं आहे ना? वर तेलाचे डबे ठेवायचेत."

"पुरी सहा," गुणाजी म्हणाला.

आणि त्याच्या पाठीमागं मशीन चालू झालं. सर्रर्र! फळी आत ओढली जाताना येतो तोच आवाज, अगदी मानेजवळ. गुणाजी गर्रकन वळला. मागं कोणी नव्हतं. भर दुपार, रस्ता मोकळा, ऊन रखरखतंय. मशीन तीन गल्ल्या पलीकडं, वायर काढून ठेवलेलं. पण गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंगावरून काहीतरी गार सपाट सरकत गेल्याचं त्याला जाणवलं.

"काय झालं हो?" दत्तूनं विचारलं.

"काही नाही. कानात दडा बसलाय."

घरी येऊन त्यानं कानात कोमट तेल घातलं. पण पुढच्या गिऱ्हाइकाकडंही तेच झालं, त्याच्या पुढच्याकडंही तेच. फळी द्यायची, "पुरी सहा" म्हणायचं, की सर्रर्र. गुणाजीला हळूहळू सवय झाली. माणसाला कशाची सवय होत नाही सांगा!

बदल पहिल्यांदा ध्यानात आला त्याच्या बायकोच्या. सुगंधा जेवायला वाढताना त्याच्या बाजूला बसायची. एका सकाळी तिचा वाढता हात तसाच थांबला.

"अहो, जरा असेच बसा. हलू नका."

"का गं?"

"तुम्ही कमी झालात."

"मग! कामं काय कमी आहेत? दिवसभर राबतोय."

"वाळलात म्हणत नाही मी. समोरून आहात तसेच आहात. छाती तेवढीच रुंद, खांदे तेवढेच. पण बाजूनं..." तिनं एक हात त्याच्या छातीवर ठेवला, दुसरा पाठीवर. दोन्ही हातांमधलं अंतर बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

गुणाजी मोठ्यानं हसला. उठून आरशासमोर उभा राहिला. आरशात धडधाकट गडी होता. मग आपल्या लाकडाची जाडी मोजायच्या, चिमट्यासारख्या मोठ्या कंपासात त्यानं स्वतःची छाती धरली, पुढून मागं. कुठल्याही धट्ट्याकट्ट्या माणसाची भरते आठ-नऊ इंच. त्याची भरली चार.

त्याच दिवशी आंघोळ करताना त्याला ती रेघ सापडली. गळ्यापासून बेंबीपर्यंत, सरळ, उंच, टणक. मधोमधपासून तीन बोटं डावीकडे. त्यानं डोक्यावर हात फिरवला. टाळूच्या मागं एक खळगा होता. त्यात अंगठा ठेवला तर तो बरोबर बसला. टोपी आजकाल सारखी का पडते ते त्याला आता कळलं. ही तिन्ही व्यंगं त्यानं कुठं पाहिली होती, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बादलीतलं पाणी तसंच ठेवून तो न्हाणीबाहेर आला.

त्यानंतर गावात विचित्र गोष्टी घडू लागल्या. दारातला कुत्रा गुणाजीला बघून शेपूट हलवत यायचा. गुणाजी कडेनं वळला की कुत्रा थबकायचा, धनी एकाएकी कुठं गेला म्हणून केकाटायचा. सकाळच्या उन्हाकडं बाजू करून गुणाजी उभा राहिला तर त्याची सावली काठीसारखी पडायची. पाणवठ्यावर बायका बोलत असायच्या आणि तो पाठ वळवताना अर्ध्यावर दिसेनासा झाला की घागरी खाली ठेवून बघत राहायच्या. म्हाताऱ्या भागवत गुरवानं तर एकदा त्याला भिंतीला टेकून ठेवलेली फळी समजून हात लावला, आणि फळीला ऊब लागली म्हणून ओरडून देवळात पळाला.

गुणाजीची पाचावर धारण बसली. मशीन कोपलं, त्याला दुसरं काही सुचेना. पुढच्या अमावस्येला त्यानं पाच नारळ फोडले, मशीन फुलांनी मढवलं, कुंकवाचा सडा घातला. दुसऱ्या दिवशी गुरवाच्या घरी पाट नेऊन दिला. गुरवाची सून म्हणाली, "मिस्त्री, मामंजी बसणार आहेत यावर. पुरी जाडी आहे ना?"

"पुरी," गुणाजी म्हणाला. सर्रर्र!

मग त्यानं आठ दिवस मशीनला हातच लावला नाही. आधी तासून ठेवलेल्या फळ्या तेवढ्या पोचवल्या. आवाज आलाच. मशीन बंद असताना आला, दूर असताना आला, आला तो दर वेळी एकाच शब्दावर. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. फळी तासताना त्याचं काही जात नव्हतं. "पुरी आहे" म्हणताना जात होतं. जेवढं फळीत कमी, तेवढं त्याच्यात.

आता एवढं कळल्यावर माणसानं थांबावं की नाही? पण गुणाजीनं विचार केला, एका घरी खरं बोललो की दुसरं घर विचारणार, माझी फळी किती? मग तिसरं. सगळं गाव दारात उभं राहील. लाजेनं त्याची जीभ टाळ्याला चिकटली. त्यानं बोलणं सोडलं आणि नुसती मान हलवायला लागला. मान हलवली तरी सर्रर्र व्हायचंच.

असं करता करता तो कंपासात पाऊण इंच भरू लागला. सहा सुतं. वारा सुटला की तो भिंतीचा आधार घेऊन चालायचा. सुगंधा रात्रंदिवस रडायची, पण तिला काय सांगणार! आणि त्याच आठवड्यात शाळेच्या बाकांच्या बारा फळ्या पोचवायच्या होत्या.

शाळेच्या तगारेबाई वयानं मोठ्या, शिस्तीच्या. मागं शहरातून आलेला एक बाक वर्गात मोडला होता आणि एका मुलीच्या पायाचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून बाईंनी ठरवलं होतं, की बाक घ्यायचे तर गावच्या माणसाकडून, आणि तोंडावर विचारून. बैलगाडीतून फळ्या उतरल्या. बाईंनी त्या वर्गात भिंतीला ओळीनं लावून घेतल्या.

"मिस्त्री, मला मोजता येतं, पण मी मोजत नाही," त्या म्हणाल्या. "एकेका फळीवर हात ठेवा आणि सांगा. ही पुरी सहा सुतं?"

गुणाजीनं बारा फळ्यांकडं पाहिलं. हिशेब सोपा होता. बारा वेळा अर्धं सूत म्हणजे सहा सुतं. आणि तो स्वतः तेवढाच उरला होता. तरी सवयीची जीभ ती!

"पुरी," तो म्हणाला.

सर्रर्र.

"आणि ही?"

"पुरी."

तिसऱ्या फळीला त्याचा आवाज किनरा झाला. पाचव्या फळीला खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि त्याचे पाय फरशीवरून जरासे उचलले गेले. त्यानं फळीची कड घट्ट धरली. बाई डोळे बारीक करून त्याच्याकडं बघत होत्या. सहावी. सातवी. शाळेची सगळी पोरं दारात गोळा झाली होती. आठव्या फळीवर "पुरी" म्हटलं तेव्हा गुणाजीला आपल्याच तळहातातून खालच्या लाकडाच्या रेषा दिसल्या.

बाई नवव्या फळीपाशी आल्या. या खेपेला त्यांनी विचारलंही नाही. "तुम्ही सांगताय म्हणजे असणारच," म्हणाल्या, "या बाकांवर पहिलीची लेकरं बसतील. बसतील कसली, नाचतील."

गुणाजीनं तोंड उघडलं. 'पुरी' हा शब्द ओठांवर आलेलाच होता. मानेजवळ रूळ फिरायला लागल्याचं त्याला ऐकू आलं. मशीन वाट बघत होतं. आणि त्याला एकदम रडू कोसळलं.

"नाही, बाई," तो म्हणाला. "साडेपाच आहे."

सगळं शांत झालं. मानेजवळचा आवाज थांबला. कितीतरी महिन्यांनी गुणाजीला खरीखुरी शांतता ऐकू आली.

"आणि मागच्या आठ?" बाईंनी विचारलं.

"त्याही साडेपाच. गावातल्या सगळ्याच. माझं मशीन चुकीचं आहे आणि मला ते वर्षभर ठाऊक आहे."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर एक बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "घेऊन जा. पोरं अजून महिनाभर जमिनीवर बसतील. त्यांना सवय आहे."

गुणाजी तडक घरी आला. अमावस्या नव्हती, मुहूर्त नव्हता, दुपारचे बारा वाजले होते. त्यानं मशीनची वायर उपटली. वाळलेल्या माळा काढून टाकल्या. रॉकेलमध्ये फडकं भिजवून पट्टीवरचा कुंकवाचा थर खरवडला, तेव्हा काटा दिसला. स्क्रू ढिला होऊन तो केव्हाचा अर्धं सूत सरकला होता. मग त्यानं झाकण उघडलं.

आत तासल्याचे छिलके गच्च भरले होते. वरचे सागाचे होते. त्याखालचे मात्र लाकडाचे नव्हते. पातळ, फिकट, मऊ. त्यांना राळेचा वास नव्हता, घामाचा होता. एका छिलक्यावर काळा तीळ होता. लहानपणापासून गुणाजीच्या छातीवर होता, तो. सुगंधा मागं येऊन उभी राहिली होती. तिनं एकदा आत पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि सूप घेऊन आली. दोघांनी मिळून ते सगळे छिलके सुपात भरले आणि परसात खड्डा करून पुरले. सूप चांगलं जड भरलं होतं.

मग गुणाजी कामाला बसला. रूळ पुसले. खाच पडलेलं पातं काढून धार लावून आणलेली पाती बसवली, दोन्ही एका उंचीवर आहेत ना ते पट्टी लावून तीनतीनदा पाहिलं. पुढचा आधार आवळला. पत्र्यावर मेण घासलं. एक भंगार फळी घातली, चार जागी मोजली, काटा तिच्याशी जुळवला. पुन्हा एक घातली. पुरी सहा सुतं. ना रेघ, ना खळगा. दोन तासांचं काम होतं हो. नुसतं दोन तासांचं!

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर गेला. दत्तू वाण्यानं चारचौघांत शिव्या घातल्या. काही जण हसले. गुरवाच्या सुनेनं मधोमध तडकलेला पाट त्याच्या पुढ्यात आपटला. गुणाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि ज्याची त्याची फळी बदलून दिली. महिन्याच्या आत शाळेचे बाकही झाले आणि पहिलीच्या पोरांनी त्यांच्यावर मनसोक्त उड्या मारल्या.

सुगंधा दर सोमवारी कंपास घेऊन त्याला मोजायची. वाटायचं, आता भरून येईल. पहिल्या महिन्यात दोन सुतं. वर्षानं दोन सुतं. रंध्यानं लाकूड काढता येतं, परत चिकटवता येत नाही. पुढं पुष्कळ वर्षं गुणाजी तसाच जगला, तेवढाच, त्याहून कमी मात्र कधी झाला नाही.

त्याच्या फळ्यांचं नाव झालं. दूरदूरचे सुतार त्याचं काम बघायला यायचे. फळी उलटसुलट करून बघायचे आणि विचारायचे, "मिस्त्री, केसाचा फरक नाही. हे कसं काय जमतं?" गुणाजी समोर उभा असायचा, रुंद छातीचा, हसतमुख. तो उत्तर द्यायचा नाही. सावकाश बाजूला वळायचा, आणि तसाच उभा राहायचा. पाहुणा सुतार चहासुद्धा न घेता उठायचा आणि घरी गेल्या गेल्या पायातल्या चपला न काढता आपल्या मशीनचं झाकण उघडायचा.

तात्पर्य: आपल्या कामातली खोट दिसली की त्याच दिवशी ती उघडून दुरुस्त करावी आणि तोंडानं कबूल करावी, ती झाकून ठेवणारा दुसऱ्याला जेवढं कमी देतो तेवढा स्वतः झिजतो, आणि ती झीज नंतरच्या खरेपणानं थांबते, पण भरून निघत नाही.